खटके गेले कुठं? गाडीपासून टीव्हीपर्यंत सगळीकडं नुसती काच

कृष्णाकाठचा
मंडळी, एक सरळ प्रश्न आहे आणि त्याला चिकटून एक तक्रार.

वडिलांसाठी गाडी बघतोय. वय बहात्तर, कारखान्यातून निवृत्त, डोळे-कान ठणठणीत. सांगली-इस्लामपूर आणि अधूनमधून नरसोबाची वाडी, एवढंच चालवणार. बजेट दहा लाखांच्या आसपास. सांगलीतली आणि कोल्हापुरातली शोरूमं फिरून झाली. जाईल तिथं सेल्समन दार उघडून पहिल्यांदा स्क्रीन दाखवतो. 'सवा दहा इंची आहे सर.' मायलेज विचारलं की पत्रक चाळायला लागतो. काही गाड्यांत एसीचा पंखा कमी करायचा तरी काचेवर दोन ठिकाणी बोट लावायचं. वडील म्हणाले, "एवढ्यात अंकलीचा पूल संपंल."

तर प्रश्न असा की या बजेटात एसी, पंखा, आवाज हे सगळं खऱ्याखुऱ्या बटणांवर असलेली गाडी कुठली? आणि हे फक्त आमच्याच घरात खटकतं, का तुमच्याकडंही हीच रड आहे? चालत्या गाडीत जे लागतं ते न बघता हाताला सापडलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. बाकीचं खुशाल काचेत घाला.

भडंगवाला
खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी!
आता खटकाच काढून नेल्यावर पलटी कुणी मारायची?

जतचा_वारा
आमच्याकडं तर काचंवर एवढा फुफाटा बसतोय की बोट फिरवलं की आधी रांगोळी उमटतीय, मग गाणं लागतंय.

कोडगा
धागाकर्त्यांची अडचण कळली, पण दुसरी बाजूही मांडतो. मी गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्येच काम करतो (पुण्यात, मूळ गाव पलूस).

एक बटण म्हणजे नुसतं प्लास्टिक नसतं. त्याचा साचा, मागची वायर, त्यावरची छपाई, हजारो वेळा दाबून केलेली चाचणी, हे सगळं आलं. शिवाय प्रत्येक व्हेरिएंटला पॅनेल वेगळं. रिव्हर्स कॅमेरा आणि नकाशा यांच्यासाठी स्क्रीन तर द्यावीच लागते. एकदा ती आली की एसीचं चित्र तिच्यात घालायला जवळजवळ फुकट पडतं, आणि गाडी बाजारात गेल्यावरही दुरुस्ती करता येते. दहा लाखांच्या गाडीत सहा एअरबॅगाही द्यायच्या आणि बटणंही द्यायची म्हटलं की कुठंतरी कात्री लागणारच.

आणि खरं सांगू का, गिऱ्हाईकही शोरूममध्ये स्क्रीनच बघतं. आम्ही काय करणार?

कृष्णाकाठचा
@कोडगा, म्हणजे पैसे तुमचे वाचले आणि किंमत वाढली आमची. वर त्याला 'प्रीमियम' म्हणायचं!

पायलट_नाही_फिटर
हवाई दलात विमानांच्या देखभालीत नोकरी झाली, आता मिरजेत असतो. या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बर विमानांचा एक चमत्कारिक प्रकार व्हायचा. विमान सुखरूप उतरायचं आणि धावपट्टीवर धावता धावता वैमानिक चाकंच मिटवून टाकायचा. विमान पोटावर! आधी सगळे म्हणाले वैमानिकाचा हलगर्जीपणा. १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं जाऊन कॉकपिट बघितलं. चाकांचा खटका आणि फ्लॅपचा (पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीचा) खटका शेजारी शेजारी, दिसायला सारखे, हातालाही सारखे. दमलेला माणूस फ्लॅप समजून चाकांचा खटका ओढायचा. चॅपनिसनं उपाय काय केला? चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक बसवलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. हाताला कळायला लागलं आणि तो प्रकार थांबला. आजही प्रवासी विमानात डोकावायला मिळालं तर बघा, चाकांच्या दांड्याला गोल चाकाचाच आकार असतो.

दुसरी गोष्ट अलीकडची. ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ अमेरिकन नौदलाची जॉन मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली. दहा नौसैनिक गेले. तिचं सुकाणू आणि वेग टचस्क्रीनवर होते, आणि कुठला ताबा कुठल्या पडद्यावर गेलाय याचा ऐन वेळी घोळ झाला. चौकशीनंतर नौदलानं ठरवलं की वेगाचे दांडे पुन्हा हातानं ढकलायचेच बसवायचे. ज्यांच्याकडं पैशाला तोटा नाही ते मागं फिरले, आणि आपण सवा दहा इंचाला भुलतोय.

जतचा_वारा
फिटरसाहेब, दंडवत. धागा वसूल.

मिरजतंबोरा
आमच्या गल्लीत दिवसभर सतारी लागत असतात (मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, हे जाता जाता). सतार वाजवणारा जर दर सुराला पडदा कुठंय म्हणून खाली बघायला लागला, तर रागाचं जे होईल तेच रस्त्याचं होतंय. बोटाला जागा पाठ पाहिजे. काचेवर जागा पाठ होत नाही, आणि झालीच तर पुढच्या अपडेटला ते बटण दुसरीकडं जातं.

आयर्विन४५
+१. स्वीडनच्या एका कार-मासिकानं २०२२ मध्ये याचीच परीक्षा घेतली होती. अकरा नव्या गाड्या आणि एक २००५ ची जुनी व्होल्व्हो. ताशी ११० किमी वेगात चार साधी कामं करायची, म्हणजे सीट गरम करणं, रेडिओचं स्टेशन बदलणं असली. जुन्या व्होल्व्होत सगळं १० सेकंदांत, ३०६ मीटर अंतरात आटोपलं. सगळ्यात हळू निघालेल्या टचवाल्या गाडीला त्याच कामांना १३७२ मीटर लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त अंतर माणूस रस्ता सोडून काचेत बघतोय.

कोडगा
जुनी गाडी हाताखालची असेल, नवी अनोळखी. तुलना कशी होणार?

आयर्विन४५
नाही ना. चाचणीच्या आधी सगळ्यांना गाडी ओळखीची करून घ्यायला वेळ दिला होता. तो मुद्दा त्यांनी आधीच निकालात काढलाय.

सुगरण_विश्रामबाग
गाडीचं राहू द्या. माझी नवी इंडक्शन शेगडी बघा. सपाट काच. उतू गेलेलं दूध तिच्यावर सांडलं की ती आपली आपण बंद होते आणि ओल्या बोटाला ओळखतच नाही. दूध सांडायच्या वेळीच तर बंद-चालू करायचं असतं ना! सासूबाई म्हणतात, "तुझी शेगडी सोवळ्यातली आहे, ओलं बोट चालत नाही."

सांजवात
सुगरणताईंनी शेगडीचा विषय काढलाच आहे, तर लिहिते.

माझी मोठी बहीण जन्मतः अंध आहे. एकटी राहते, नोकरी करते, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करते. तुम्हाला जी चिडचिड वाटते, तिच्यासाठी ते बंद दार आहे. मिक्सरचा गोल खटका तिचा लाडका, कारण १-२-३ मोजून फिरवता येतो. मायक्रोवेव्ह आणला तर त्याला एकही उंचवटा नाही. मग आम्ही दोघी बसलो आणि कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. 'स्टार्ट'ला मोठी खड्याची, 'तीस सेकंद'ला बारीक, 'बंद'ला लांबट. आता घरभर टिकल्या आहेत, वॉशिंग मशीनला, एसीच्या रिमोटला, गीझरला. पाहुण्यांना वाटतं घरात लहान मुलगी आहे.

तुम्ही कधी बघितलंय का, एटीएमच्या ५ आकड्यावर बारीक टिंब असतो. तो एवढ्यासाठीच, की त्यावरून बाकीचे आकडे सापडावेत. १ जुलै २०१४ नंतर बसवलेली एटीएम बोलणारी आणि ब्रेल बटणांची हवीत असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. आणि आता दुकानात कार्ड द्यावं तर पिन टाकायचं यंत्र सपाट काचेचं. पिन दुसऱ्याला सांगायचा का मग?

गंमत म्हणजे फोन तिला चालतो. तोही काचच आहे, पण तो बोलतो. बोट फिरवेल ते वाचून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो. तेव्हा भांडण काचेशी नाही. मुक्या काचेशी आहे.

कृष्णाकाठचा
सांजवात, हा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, टिकल्यांची युक्ती आपल्या टीव्हीच्या रिमोटला आजच करायची.

भडंगवाला
घरोघरी आता रिमोटला हळदीकुंकू.

द्राक्षबागायतदार
तासगाव भागातनं लिहितोय. आमची बोटं औषधानं आन् छाटणीनं अशी झालीत की फोनला ती माणसाची वाटतच न्हाईत. रेशनच्या अंगठ्याला आमच्या आईची तर दर महिन्याला परीक्षा. पुसा, परत ठेवा, दुसरं बोट ठेवा.

पण मी उलटं बोलणार हाय. मोटरंचा मोबाईल स्टार्टर म्हणजे शेतकऱ्याला मिळालेला सगळ्यात भारी खेळणा. लाईट रात्रीची असली की आधी बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, गवतात पाय कुठं पडतोय कळायचं न्हाई. आता अंथरुणातनं फोन लावायचा, मोटर चालू. लाईट हाय का न्हाई तेबी कळतंय. ह्यात स्क्रीनला शिव्या देणारा गडी अजून बघितला न्हाई.

तरी ट्रॅक्टरवर स्क्रीन नको. फवारणीचा ब्लोअर चालू असताना हातात मोजे, डोळ्यावर चष्मा, अंगावर फवारा. पीटीओचा, म्हंजी इंजिनाची ताकद अवजाराला जोडायचा दांडा दांडाच पायजे.

कोडगा
बोटांचं कारण सांगतो. फोनची काच दाब ओळखत नाही, बोटातून जाणारा बारीकसा विद्युत परिणाम ओळखते. कातडी जाड आणि कोरडी असली की तो कमी पोचतो. साध्या मोज्यातून पोचत नाही. आणि पाण्याचा थेंब पडला की काचेला वाटतं बोट लागलं. सुगरणताईंची शेगडी आणि तुमची बोटं, दोन्हीचं मूळ तेच.

मोबाईल स्टार्टरबद्दल शंभर टक्के सहमत. हेच मी म्हणत होतो.

पायलट_नाही_फिटर
तुम्ही म्हणत होतात ते वेगळं. मोटर लावताना माणूस अंथरुणात आहे, ऐंशीच्या वेगानं हायवेवर नाही.

विटा_ते_कोइमतूर
नमस्कार. आमच्या घरची गलाईची (सोनं-चांदी गाळायची) दुकानं तमिळनाडूत, त्यामुळं वर्षातनं दोनतीनदा सगळा हायवे पालथा घालतो. माझं मत थोडं वेगळं. स्क्रीनवरचा नकाशा नसता तर बेंगळुरूच्या बाहेरच्या रस्त्यांनी कित्येक तास खाल्ले असते. पूर्वी वडील ट्रकवाल्यांना विचारत जायचे, त्यात अर्धी माणसं चुकीचं सांगायची आणि ठासून सांगायची. पोरांना मागं गाणी, बायकोला पुढं नकाशा, मला शांतता.

काच कुठं नको तर हॉटेलात. मागच्या प्रवासात हायवेवरच्या एका मोठ्या साखळी हॉटेलात गेलो. आत माणूस नाही, उभा पडदा. इडली दाबली. 'यासोबत कॉफी घ्याल का?' नको. 'केक?' नको. 'मोठी इडली?' अरे बाबा! मागं रांग वाढायला लागली. शेवटी म्हणतो मोबाईल नंबर टाका. एवढं करून इडली आली ती गार.

सुगरण_विश्रामबाग
नंबर द्यायची सक्ती नाही हो. नंबर दिल्याशिवाय बिल करणार नाही असं म्हणू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवलंय. मी सरळ म्हणते, नंबर नाही. पोरगा दहा आकडे स्वतःच काहीतरी टाकतो आणि बिल येतं. तसंच सर्व्हिस चार्जचं. तो बिलात आपोआप लावायचा नाही असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. काढा म्हटलं की काढतात. पुटपुटतात, पण काढतात.

मात्र साखळी हॉटेलांना सरसकट नावं ठेवू नका. प्रवासात बाईमाणसाला आधी काय बघावं लागतं ते विचारा. इडली गार असली तरी चालेल, संडास स्वच्छ आणि कडी लागणारा पाहिजे. 'घरगुती चव'वाल्या कितीतरी ढाब्यांवर मागं आडोसा एवढीच सोय असते. मी तर पाटी बघूनच गाडी वळवायला सांगते.

विटा_ते_कोइमतूर
ताई, हे मात्र सोळा आणे. आमच्या घरातही हॉटेल आता मंडळीच ठरवतात.

भडंगवाला
क्यूआर मेनूबद्दल कुणीच बोललं न्हाई? टेबलावर चौकोन चिकटवलेला, त्यावर चटणी सांडलेली. फोन काढला तर रेंज नाही. वेटरला म्हटलं मेनू सांग. त्यानं एका दमात बावीस पदार्थ म्हणून दाखवले. मग चौकोन कशाला लावला रे?

मिरजतंबोरा
म्हणूनच गाडीवरची भेळ बरी. तिखट किती ते तोंडानं सांगायचं, हातानं दाखवायचं, आणि चुकलं तर वरनं चिरमुरे.

जतचा_वारा
पिक्चरचंबी तेच. तिकीट खिडकीवर गडी बसलेला असतोय, 'ऑनलाइन काढा' म्हणतोय. ऑनलाइनला वरनं सोयीचे पैसे वेगळे. कुणाची सोय रं बाबा ही? खिडकीवर आलोय न्हवं मी चालत!

कोडगा
पिक्चरला मात्र मला ऑनलाइनच बरं वाटतं. सीट दिसते. पूर्वी ब्लॅकवाल्याशी घासाघीस करून खांबामागची खुर्ची मिळायची, ते दिवस विसरलात काय?

जतचा_वारा
त्यो ब्लॅकवालाबी निदान 'दादा, खांब हाय' म्हणून सांगायचा.

हरिपूरची_सून
खूप दिवस वाचनमात्र होते. टीव्हीवर मदत हवी आहे. सासरे एकटे हरिपूरला असतात, आम्ही पुण्यात. टीव्ही नवा स्मार्ट, सेट टॉप बॉक्स जुना, म्हणून रिमोट दोन. टीव्हीच्या रिमोटवर ओटीटीची रंगीत बटणं आहेत, ती चुकून दाबली जातात आणि मालिका गायब. मग आम्हाला फोन. 'लाल पडदा आलाय.' व्हिडिओ कॉलवर समजावत बसायचं. काय करू?

कोडगा
सोपं आहे. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'एचडीएमआय-सीईसी' नावाची सोय शोधा. नाव प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. सॅमसंगमध्ये 'एनीनेट प्लस', एलजीत 'सिंपलिंक', सोनीत 'ब्राव्हिया सिंक'. ती चालू केली आणि सेट टॉप बॉक्सलाही ती येत असली, तर बॉक्स सुरू केला की टीव्ही आपोआप सुरू होऊन त्याच्यावर येतो. जुन्या बॉक्सला नसेल तर डीटीएचवाल्यांचे 'शिकणारे' रिमोट असतात. त्यात टीव्हीची चालू-बंद आणि आवाजाची बटणं शिकवता येतात. मग टीव्हीचा रिमोट कपाटात ठेवून द्या. आणखी एक, टीव्ही सुरू झाल्यावर थेट बॉक्सवरच यावा अशीही सेटिंग बऱ्याच टीव्हींत असते.

सांजवात
आणि तेवढं जमेपर्यंत रंगीत बटणांवर चिकटपट्टीनं जाड पुठ्ठा लावा. टिकली ज्याला सापडायचंय त्याला, पुठ्ठा ज्याला लपवायचंय त्याला.

हरिपूरची_सून
आभार! पुठ्ठ्याची युक्ती फोनवर सांगितली, शेजारच्या काकूंनी लावूनही दिली. बाकीचं दिवाळीत गेल्यावर.

भडंगवाला
आमच्या आजीचं उलटं हाय. तिला वाचायला येत न्हाई, पण रिमोटवरचा माईक दाबून म्हणती, "बाबामहाराजांचं कीर्तन लाव." लागतंय! कधीकधी भलतंच लागतंय, मग ती टीव्हीला रागं भरती. पण बटणं शोधायला तिला आमची गरज राहिली न्हाई. ह्यात तिची शान वाढली, खोटं कशाला बोलू.

पायलट_नाही_फिटर
हे मान्य. बोलून काम होत असेल तर डोळे रस्त्यावर राहतात, आजींचे जपमाळेवर.

आयर्विन४५
थोडं अवांतर, पण सांगलीत गाडी घेणाऱ्यानं वाचावं असं. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. इशारा ४० ला, धोका ४५ ला. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत गेल्या. हल्लीच्या गाडीत पाणी शिरलं की इंजिनापेक्षा जास्त रडवतात ती सीटखालची जोडणीची टोकं आणि डॅशबोर्डामागचे संगणक. जुन्या गाड्या धुऊन वाळवून सुरू झाल्या, नव्या महिनोन्महिने कुरकुरत होत्या.

विम्याचं लक्षात ठेवा. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचं नुकसान धरतात. पण बुडालेली गाडी तुम्ही चावी फिरवून सुरू करायला गेलात आणि सिलिंडरमध्ये पाणी जाऊन इंजिन बसलं, तर साध्या पॉलिसीत तो दावा सहसा नाकारतात. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' ही जोड आधीच घ्यावी लागते. आणि ती असली तरी गाडी पाण्यात गेल्यावर स्टार्ट मारू नका, ओढूनच न्या. इलेक्ट्रिकवाले 'आयपी ६७' सांगतात. त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. आपला पूर अर्ध्या तासात उतरत नाही.

कृष्णाकाठचा
हे अवांतर कसलं, हेच कामाचं. आमचं घर गावभागात आहे, त्यामुळं पॉलिसीची जोड नक्की. आता मूळ प्रश्नाकडं कुणी येईल काय? वडील रोज विचारतात, "तुझ्या फोनमधली माणसं काय म्हणाली?"

पायलट_नाही_फिटर
येतो. वॅगन आर बघा. १९९९ पासून आपल्याकडं आहे, आणि आजही एसीला गोल फिरवायचे नॉब. उंच आहे, चढताना-उतरताना गुडघ्यांना बरी, बजेटातही बसते. एरवीही कुठल्याही कंपनीची गाडी बघताना एक खूण धरा. ज्या व्हेरिएंटमध्ये एसी मॅन्युअल, तिथं बहुतेक वेळा नॉब मिळतो. ऑटोमॅटिक एसी आणि मोठी स्क्रीन वरच्या व्हेरिएंटमध्ये येते, तिथं टच घुसतो. टाटा नेक्सॉनच्या २०२३ च्या नव्या रूपात बघा, एसीचं पॅनेल टचचं आहे, मध्ये दोन खटके तेवढे ठेवलेत. पैसे वाचवून मधलं व्हेरिएंट घ्या, एअरबॅगांत मात्र तडजोड नको.

कोडगा
मीही भर घालतो, माझ्याच धंद्याविरुद्ध. गाड्यांच्या सुरक्षेची चाचणी घेऊन तारे देणारी युरोपातली एनकॅप ही संस्था २०२६ पासूनच्या नव्या नियमांत इंडिकेटर, हॅझर्ड, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत, एवढ्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण गुण देणार. फोक्सवॅगननंही युरोपात स्टिअरिंगवरची टचवाली बटणं काढून दाबायची परत आणायला घेतली आहेत. वारं फिरतंय. आपल्याकडं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, त्याचे तारे टकरीच्या चाचणीवर जास्त आहेत, तेव्हा बटणं तुम्हालाच मोजावी लागतील.

जतचा_वारा
हॉर्न काचंत गेला असता तर सांगलीची वाहतूक त्याच दिवशी बंद पडली असती. स्टँड चौकात लोक ब्रेकच्या आधी हॉर्न दाबत्यात.

सुगरण_विश्रामबाग
आणि ती ८० च्या वर गेलं की वाजणारी शिट्टी? आमच्या घरात अजून सगळे खिसे चाचपतात, कुणाचा फोन वाजतोय म्हणून.

आयर्विन४५
ती २०१९ च्या जुलैपासून सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीची आहे. ८० ला अधूनमधून, १२० च्या वर अखंड. ती बंद करायचं बटण कुठल्याच गाडीत मिळणार नाही, शोधू नका.

सांजवात
टेस्ट ड्राइव्हला एक करा. गाडी उभी असताना वडिलांना डोळे मिटून बसवा आणि सांगा, काच पुसा, पंखा कमी करा, आवाज बंद करा, मागची काच साफ करा. जे सापडणार नाही ते चालताना अजिबात सापडणार नाही. माझ्या बहिणीला घेऊन गेलात तर पाच मिनिटांत गाडी पास की नापास ते सांगेल. सेल्समनचा चेहरा मात्र बघण्यासारखा होईल.

द्राक्षबागायतदार
आन् टेस्ट ड्राइव्ह रात्रीची घ्या. दिवसा स्क्रीन झकास दिसतीय. रात्री ऊसाच्या ट्रॉल्या बिनदिव्याच्या फिरत असत्यात, तवा ह्या काचंचा उजेड डोळ्यावर येऊन म्होरचं दिसत न्हाई. उजेड कमी करायची कळ कुठंय तेबी त्याच काचंत असती.

कृष्णाकाठचा
ही माहिती शोरूममध्ये कुणीच दिली नव्हती. शनिवारी संध्याकाळी सातची वेळ घेतलीय, अंधार पडल्यावरची. सेल्समन म्हणाला, "सर, रात्री कलर नीट दिसणार नाही." वडील म्हणाले, "रंग तू बघ, मी दांड्या बघतो." वॅगन आरचं सीएनजी मॉडेलही दाखवतो म्हणालाय.

विटा_ते_कोइमतूर
सीएनजी असेल तर डिकी उघडून बघा. टाकी बसल्यावर सामानाला काय जागा उरते आणि स्टेपनी कुठं ठेवलीय, तेही विचारा. हल्ली काही गाड्यांत स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट देतात.

भडंगवाला
स्टेपनीपण गेली?!

पायलट_नाही_फिटर
त्याचा वेगळा धागा काढा. मला बरंच बोलायचंय.